डब्यावरची चिठ्ठी

दिवाळीच्या तोंडावर एक वाचक प्रकाशनाच्या संकेतस्थळावर जातो, चार दिवाळी अंक निवडतो, यूपीआयने पैसे भरतो आणि पडद्यावर चक्र फिरू लागते. खाली सूचना येते : ‘कृपया पान रिफ्रेश करू नका, मागे जाऊ नका.’ पाच सेकंद जातात, दहा जातात. पैसे कापल्याचा बँकेचा एसएमएस येऊन पडतो, चक्र मात्र थांबत नाही. वाचकाचा अंगठा पुन्हा बटणाकडे वळतो. दाबावे की थांबावे?

त्या दहा सेकंदांत पलीकडच्या सर्व्हरवर कामांची माळ लागलेली असते. मागणीची नोंद डेटाबेसमध्ये करणे हे मुख्य काम, आणि ते डोळ्याचे पाते लवायच्या आत झालेले असते. त्यानंतर पावतीची पीडीएफ बनवायची, ती ईमेलने पाठवायची, एसएमएस देणाऱ्या कंपनीला निरोप द्यायचा, कुरिअरच्या यंत्रणेत पार्सल नोंदवून त्याचा क्रमांक मागायचा, हिशेबात जीएसटीची नोंद टाकायची. यातली बहुतेक कामे दुसऱ्या कुणाच्या तरी सर्व्हरवर अवलंबून असतात. कुरिअरची यंत्रणा त्या दिवशी मंदावली असेल, तर तिची वाट प्रकाशकाचा सर्व्हर पाहतो आणि सर्व्हरची वाट वाचक पाहतो. अंक घरी पोचायला चार दिवस लागणार आहेत. पार्सलचा क्रमांक अर्ध्या तासाने आला असता तरी त्याचे काही अडले नसते. तरीही त्याला ताटकळत ठेवले गेले आहे.

माणूस पडद्यासमोर किती वेळ तग धरतो, याचे ठोकताळे जुने आहेत. मूळचे डेन्मार्कचे असलेले तज्ज्ञ याकोब नील्सन यांनी १९९३ च्या पुस्तकात तीन मर्यादा मांडल्या, त्या आजही वापरल्या जातात. ०.१ सेकंदात उत्तर आले तर ते लगेच आल्यासारखे वाटते. एका सेकंदापर्यंत उशीर जाणवतो, पण विचाराची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांपलीकडे लक्ष उडते आणि माणूस दुसरे काही करू लागतो. दिवाळी अंकाचा वाचक याच तिसऱ्या उंबरठ्यावर उभा आहे, आणि त्याच्या हाताशी ‘दुसरे काही’ म्हणून तेच बटण आहे.

नुकसान त्याच्या एकट्याचे होत नाही. समजा, त्या सर्व्हरवर एका वेळी दहाच विनंत्या हाताळता येतात. प्रत्येक विनंती ०.२ सेकंदात निकाली निघाली, तर सेकंदाला पन्नास वाचकांची सोय होते. तीच विनंती सहा सेकंद रेंगाळली, तर सेकंदाला दोघांचीही होत नाही. दहाच्या दहा खिडक्यांवर माणसे कुरिअरच्या उत्तरासाठी खोळंबलेली, आणि नुसती अनुक्रमणिका चाळायला आलेला अकरावा माणूस दाराबाहेर. सर्व्हरचा प्रोसेसर या काळात जवळपास रिकामा बसलेला असतो. संकेतस्थळ ‘बसले’ असे आपण म्हणतो, तेव्हा अनेकदा यंत्र थकलेले नसते. ते दुसऱ्यासाठी थांबलेले असते.

यावरचा उपाय प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. पिठाच्या गिरणीत दळण टाकायला गेलेला माणूस दळण होईपर्यंत सहसा थांबत नाही. डबा ठेवतो, वर नाव लिहिलेली चिठ्ठी, ‘गहू, बारीक’ एवढे सांगतो आणि घरी जातो. गिरणीवाला डबा रांगेत सरकवतो, ‘सहानंतर या’ म्हणतो. गिरण सुरू असते, डबे पुढे सरकत असतात. दळण टाकायला आलेल्याचे एक मिनिटही मोडत नाही आणि गिरणीवालाही गिऱ्हाइकांच्या घोळक्यात अडकत नाही.

संगणकाच्या जगात याच व्यवस्थेला क्यू म्हणतात. वाचकाशी बोलणारा प्रोग्राम मागणी नोंदवतो, उरलेल्या प्रत्येक कामाची एकेक चिठ्ठी रांगेत टाकतो आणि वाचकाला लगेच उत्तर देतो. रांगेच्या दुसऱ्या टोकाला वेगळे प्रोग्राम बसलेले असतात, त्यांना वर्कर म्हणतात. ते चिठ्ठी उचलतात, काम करतात, पुढची उचलतात. पुण्यातल्या कुठल्याही आयटी कंपनीत ‘हे क्यूला टाक’ हे वाक्य दिवसातून दहादा ऐकू येते. वेबच्या मूळ नियमावलीतही याची सोय होती. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजात २०२ हा उत्तराचा क्रमांक आहे. त्याचा अर्थ, काम स्वीकारले आहे, अजून पूर्ण झालेले नाही. सापडत नसलेल्या पानाचा ४०४ सगळ्यांना माहीत झाला, २०२ मात्र पडद्यामागेच राहिला.

नकळत आपण ही पद्धत रोज वापरतो. जीमेलमध्ये ‘पाठवा’ दाबल्यावर काही क्षण ‘अनडू’ दिसते, कारण पत्र अजून निघालेलेच नसते. सेटिंगमध्ये निवडल्याप्रमाणे ते ५, १०, २० किंवा ३० सेकंद रोखलेले असते. यूट्यूबवर चढवलेला व्हिडिओ आधी कमी स्पष्टतेत दिसू लागतो आणि उच्च दर्जाची आवृत्ती मागाहून तयार होते. प्राप्तिकराचे विवरणपत्र भरले की पोच लगेच हातात पडते, तपासणी बंगळुरूच्या केंद्रात सावकाश होते आणि निकाल नंतर ईमेलने येतो. एनईएफटीने पाठवलेले पैसे तर उघडउघड गाडी पकडतात : १६ डिसेंबर २०१९ पासून ही सेवा चोवीस तास चालते आणि दर अर्ध्या तासाला एक, अशा दिवसाला ४८ खेपा सुटतात.

रांगांचे गणित वेबच्या कितीतरी आधीचे आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे गणिती आग्नर एर्लांग यांनी १९०९ मध्ये फोनच्या कॉलचे गणित मांडले आणि तिथून रांगेचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला. या शास्त्रातली एक गोष्ट मनाला सहजासहजी पटत नाही. गिरण निम्मा वेळ चालू असेल, तर दळण हातात पडायला साध्या हिशेबाने दळण्याच्या वेळेच्या दुप्पट वेळ लागतो. ती ८० टक्के व्यग्र झाली की पाचपट. ९० टक्क्यांना दहापट, ९५ टक्क्यांना वीसपट. ९० वरून ९५ टक्क्यांवर जाताना काम थोडेसेच वाढते आणि वाट पाहणे दुप्पट होते. म्हणून जाणते अभियंते वर्करना पूर्ण वेळ जुंपत नाहीत. थोडी उसंत ठेवणे ही उधळपट्टी नाही, तीच खरी क्षमता आहे.

सॉफ्टवेअरमध्ये ही कल्पना रुजवणाऱ्यांत मुंबईत वाढलेल्या, एमआयटीत शिकलेल्या विवेक रणदिवे यांचे नाव घ्यावेच लागते. संगणकाच्या आत वेगवेगळे भाग ‘बस’ नावाच्या एका सामाईक मार्गावरून एकमेकांशी बोलतात. प्रोग्रामही तसेच का बोलू नयेत, असा त्यांचा प्रश्न होता. १९८० च्या दशकात त्यांच्या टेकनेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स या कंपनीने ‘द इन्फर्मेशन बस’ बनवली आणि गोल्डमन सॅक्सच्या शेअरदलालांच्या टेबलांवर ती वापरात आली. भाव पाठवणाऱ्याने तो बसवर सोडायचा, ज्याला हवा त्याने उचलायचा. देणाऱ्याला घेणाऱ्यासाठी थांबावे लागत नाही. पुढे याच नावाच्या आद्याक्षरांवरून टिबको ही कंपनी उभी राहिली.

वेबवाल्यांना ही गरज नंतर भासली. लाइव्हजर्नल या संकेतस्थळाच्या मंडळींनी कामे वाटून देणारा ‘गिअरमन’ बनवला. इंग्रजी ‘मॅनेजर’ शब्दाची अक्षरे उलटसुलट करून हे नाव ठेवले होते, कारण तो स्वतः काम करत नाही, फक्त वाटतो. २००६ मध्ये अ‍ॅमेझॉनने रांगच भाड्याने द्यायला सुरुवात केली. आणि २०११ मध्ये लिंक्डइनमधून ‘काफ्का’ सर्वांसाठी खुली झाली. ती घडवणाऱ्या तिघांमध्ये पुण्याच्या नेहा नारखेडे होत्या, पीआयसीटीच्या विद्यार्थिनी. जे क्रेप्स आणि जुन राव हे त्यांचे सहकारी. काफ्का गिरणीच्या रांगेपेक्षा वाण्याच्या कीर्दीला जवळची आहे. वाचली म्हणून नोंद पुसली जात नाही. हिशेबनीस एका पानावर असेल, गोदामवाला दुसऱ्या पानावर, प्रत्येकाने आपापल्या गतीने पुढे जायचे. कुणी मागे पडला तरी त्याच्यासाठी दुसऱ्याला थांबावे लागत नाही.

इतके सगळे उपलब्ध असताना बरेच जण आडवाट धरतात. वाचकाला उत्तर द्यायचे आणि त्याच प्रोग्रामच्या आत उरलेले काम मागे चालू ठेवायचे. वेगळी रांग नाही, वेगळा वर्कर नाही. कागदावर हे झकास दिसते. पण वेब सर्व्हर हा टिकून राहण्यासाठी बनलेला नसतो. मायक्रोसॉफ्टच्या आयआयएसमध्ये, वेगळे काही ठरवले नसेल तर, २० मिनिटे कुणी फिरकले नाही की प्रोग्राम बंद होतो आणि दर १७४० मिनिटांनी तो नव्याने सुरू केला जातो. १७४० मिनिटे म्हणजे २९ तास. हा विचित्र आकडा मुद्दाम निवडलेला आहे : २४ नंतरची ती पहिली मूळ संख्या, म्हणजे बंद होण्याची वेळ रोज बदलत राहते. त्या क्षणी मागे चाललेले काम अर्धवट राहिले, तर त्याची कुठेही नोंद उरत नाही. चिठ्ठी कागदावर नव्हतीच, ती गिरणीवाल्याच्या डोक्यात होती.

वर्डप्रेसवर ब्लॉग किंवा छोटे मासिक चालवणाऱ्यांना याचा दुसरा नमुना भेटतो. पहाटे पाचला लेख प्रसिद्ध व्हावा अशी वेळ लावून संपादक झोपतो. सात वाजता उठून पाहतो, लेख अजून नाही. क्षणभराने पान पुन्हा उघडतो आणि लेख हजर. वर्डप्रेसकडे मुळात स्वतःचे घड्याळ चालू नसते. कुणी पाहुणा आला की त्या निमित्ताने ते वेळापत्रक तपासते आणि राहिलेली कामे वेगळ्या विनंतीने सुरू करते. पहाटे पाच ते सात कुणीच फिरकले नाही, तर पाचचे काम सातला होते, आणि ते संपादकाच्याच येण्याने होते. स्वस्त होस्टिंगवरही चालावे म्हणून ही तडजोड केलेली आहे आणि तिने लाखो संकेतस्थळांची सोय झाली. पण वेळेला महत्त्व असेल, तर युनिक्सच्या क्रॉन या वेळापत्रक सांभाळणाऱ्या साधनाने दर पाच मिनिटांनी वर्डप्रेसला हलवून जागे करणे बरे.

खरी परीक्षा पुढे आहे. वर्करने चिठ्ठी उचलली आणि काम करताना तो कोसळला, तर? अ‍ॅमेझॉनच्या रांगेत चिठ्ठी उचलल्यावर नाहीशी होत नाही. ती इतरांच्या नजरेआड होते, आणि वेगळे सांगितले नसेल तर ३० सेकंदांपुरती. तेवढ्यात ‘काम झाले’ असा निरोप आला तर ती खोडली जाते, नाही आला तर पुन्हा रांगेत दिसू लागते. काम हरवू नये यासाठी हे चोख आहे. आता कुरिअरची यंत्रणा मंद आहे आणि नोंदणीला ४० सेकंद लागताहेत, असे समजा. पहिला वर्कर अजून उत्तराची वाट पाहतो आहे, तेवढ्यात एकतिसाव्या सेकंदाला दुसऱ्याने तीच चिठ्ठी उचलली. पार्सल दोनदा नोंदले गेले आणि चार अंकांच्या जागी आठ अंक रवाना झाले. दोन्ही वर्कर बरोबर वागले होते.

म्हणून या क्षेत्रातला पहिला धडा असा आहे, की प्रत्येक काम दोनदा केले तरी परिणाम एकदाच व्हावा अशा रीतीने लिहायचे. मागणीचा क्रमांक सोबत न्यायचा, ‘या क्रमांकाचे पार्सल आधी नोंदले आहे का’ हे विचारायचे, आणि कुरिअरवाल्यानेही त्याच क्रमांकाची दुसरी नोंद नाकारायची. पावतीचा ईमेल दोनदा गेला तर वाचक एक पुसून टाकेल. पैसे दोनदा कापले तर तो पुन्हा त्या दारात येणार नाही.

उलटा अपघातही होतो आणि नवशिके त्याने चक्रावतात. वेब प्रोग्रामने चिठ्ठी रांगेत टाकली, पण डेटाबेसमधली नोंद अजून पक्की व्हायची होती. वर्कर इतका चपळ की तो आधी पोचला, मागणी शोधू लागला आणि त्याला ती सापडलीच नाही. डबा यायच्या आधी चिठ्ठी आली. उपाय साधा आहे, नोंद आणि चिठ्ठी एकाच व्यवहारात, एकाच डेटाबेसमध्ये लिहायची आणि मगच ती रांगेकडे न्यायची.

काम फसले तर पुन्हा करून पाहायचे, पण लगेच आणि सारखे नाही. रुबी भाषेतल्या साइडकिक या प्रसिद्ध साधनात प्रत्येक प्रयत्नानंतरची विश्रांती वाढत जाते. सुरुवातीला काही सेकंदांची, नंतर तासांची, शेवटी दिवसांची. असे २५ प्रयत्न सुमारे वीस दिवसांत होतात. तरीही नाहीच झाले, तर चिठ्ठी बाजूला काढून माणसाला दाखवायची. ही बाजूची पेटी कुणी उघडतच नाही, असे कितीतरी ठिकाणी घडते, आणि तिथे हजारो माणसांची कामे धूळ खात पडतात.

गिरणीत ज्वारीच्या मागे लगेच गहू टाकत नाहीत. एका जातीची दळणे एकत्र घेतात, किंवा जाती वेगळ्या ठेवतात. संगणकातही एकच रांग ठेवली की घोटाळा होतो. सकाळी दहाला प्रकाशनाने पन्नास हजार वाचकांना नव्या अंकाची जाहिरात पाठवायला घेतली आणि दहा वाजून एक मिनिटाने कुणी पासवर्ड बदलायला ओटीपी मागितला. ओटीपी दहा मिनिटेच चालणार आणि तो पन्नास हजार पत्रांच्या मागे उभा. तो येतो तेव्हा निरुपयोगी झालेला असतो. ओटीपीची रांग वेगळी हवी, तिचे वर्कर वेगळे हवेत, आणि जाहिरातीला थांबायला काहीच हरकत नाही.

काही कामे रांगेत टाकायचीच नसतात, हेही तितकेच खरे. रेल्वेचे आसन कुणाला मिळाले, हे प्रवाशाला तिथल्या तिथे कळले पाहिजे. दिवाळी अंकाच्या शेवटच्या तीन प्रती उरल्या असतील, तर ‘मिळाली’ किंवा ‘संपली’ हे उत्तर वाचकासमोरच द्यायला हवे. माणसाचा पुढचा निर्णय ज्यावर ठरतो ते समोर करायचे, बाकीचे मागे. ही रेघ कुठे ओढायची, ते कुठलेही साधन सांगत नाही. व्यवसाय समजणाऱ्या माणसालाच ते ठरवावे लागते.

मागे चालणारी कामे दुय्यम असतात, हा समज किती महाग पडतो हे ब्रिटनमध्ये २०१२ साली दिसले. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या समूहात रात्रीची कामे क्रमाने चालवणारे सॉफ्टवेअर होते. दिवसभराचे जमाखर्च खात्यांवर चढवणे हे त्याचे काम. १७ जूनच्या रविवारी त्याची नवी आवृत्ती बसवली. अडचणी दिसू लागल्यावर ती काढून टाकायचे ठरले, पण काढल्याने काय होईल, हे तपासून पाहिलेले नव्हते. रात्रीची माळ तुटली. एका रात्रीचे काम अडले की दुसऱ्या रात्रीचे त्यावर साचते. समूहातल्या नॅटवेस्ट आणि अल्स्टर बँकेच्या खातेदारांनाही झळ बसली. कुणाला खरी शिल्लक दिसेना, कुणाचा घराचा हप्ता चुकला, काही जण परदेशात पैशांविना अडकले, कंपन्यांना पगार करता येईनात. ब्रिटनमधल्या ६५ लाखांहून अधिक ग्राहकांना याचा फटका बसला आणि काहींसाठी तो कित्येक आठवडे टिकला. नोव्हेंबर २०१४ मध्ये दोन नियामक संस्थांनी मिळून या बँकांना ५ कोटी ६० लाख पौंडांचा दंड केला. खातेदाराला कधीच न दिसणाऱ्या कामासाठीचा हा दंड होता.

राहता राहिला तो वाचक आणि ते चक्र. त्याला हवे ते फार थोडे आहे : मागणी मिळाली, क्रमांक हा, पावती थोड्या वेळात ईमेलवर. व्हॉट्सअ‍ॅपने ही भाषा आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना शिकवली आहे. घड्याळ दिसले की निरोप फोनमध्येच आहे, एक टिक म्हणजे सर्व्हरकडे पोचला, दोन म्हणजे समोरच्या फोनवर. तिथे कुणी वैतागून तोच निरोप पाच वेळा पाठवत नाही, कारण काम कुठवर आले आहे ते दिसते. स्वीकारलेल्या कामाला ‘झाले’ म्हणणारे संकेतस्थळ खोटे बोलते, आणि काहीच न सांगता चक्र फिरवत ठेवणारे माणसाला घाबरवते. दोन्ही टाळता येण्यासारखे आहे आणि टाळलेच पाहिजे.

तोवर वाचकांनी एवढे करावे. पैसे कापले गेले आणि पान अडकले, तर बटण पुन्हा दाबू नये. यूपीआय अ‍ॅपमधला व्यवहाराचा संदर्भ क्रमांक टिपून ठेवावा, तीच आपल्या डब्यावरची चिठ्ठी. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने दुकानदाराला दिलेल्या पैशांची खातरजमा त्याच्याकडे पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपोआप परत आले पाहिजेत. त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे, आणि ती ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता खात्यात जमा करायची आहे.